घर कोणत्याच गावात नव्हतं, ते वर्ष

सुमारे आठ महिने आमचं घर कोणत्याच गावात नव्हतं. घर होतं तिथेच होतं. भिंती, धाबं, अंगणातली विहीर, दावणीचे बैल, सगळं जागच्या जागी होतं. फक्त गाव त्याच्या खालून निघून गेलं होतं. इथे कॉलेजात सोबतचे विद्यार्थी आपापल्या गावाबद्दल बोलू लागतात तेव्हा मी बहुधा गप्प बसतो. ही हकिकत थोडक्यात सांगता येत नाही, आणि सविस्तर सांगितली तर मी रचून सांगतो आहे असं त्यांना वाटतं. एकदा नीट लिहून काढावी असं पुष्कळ दिवस मनात होतं.

आमचं गाव तेल्हाऱ्याहून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. उत्तरेला सातपुडा निळा दिसतो, पण दिसण्यापुरताच. दक्षिणेला पूर्णा. मधली सगळी जमीन काळी आणि इतकी सपाट, की पावसाच्या पाण्याला कुठे जावं हे ठरवायला दोन-दोन दिवस लागतात. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि त्यांत पडलेला विळा पुन्हा सापडत नाही. विहिरी खाऱ्या. डाळ शिजत नाही, आणि नवी सून आली की पहिले सहा महिने तिचं पोट बिघडलेलं असतं. गोड पाण्याची विहीर एकच, वस्तीच्या पूर्वेला, मोठ्या कडुनिंबाच्याही पलीकडे आमच्या वावरात. कापसाच्या तेजीत हाती पैसा आला तेव्हा वडिलांनी त्या विहिरीला लागून नवं घर बांधलं. आईने तशी अटच घातली होती, असं मी ऐकलं आहे.

तेजीबद्दल गावाला एवढंच माहीत होतं, की कुठेतरी समुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई लागली आहे आणि म्हणून आपल्या कापसाला भाव आहे. ही लढाई लवकर मिटू नये म्हणून मारुतीपुढे नारळ फोडणारे लोक आमच्या गावात होते. चांगले, पापभीरू लोक होते. त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटत नव्हतं आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही वाटलं नाही.

आमच्या आणि पूर्वेच्या गावामध्ये एक पांदण होती. दोन गाड्या शेजारून जाव्यात एवढी रुंद, आणि तिच्या कडेला हद्दीचे तीन दगड. तेजीच्या वर्षांत दोन्ही गावच्या लोकांनी दोन्ही बाजूंनी ती पांदण दर पेरणीला थोडी थोडी नांगरली. आधी दोन गाड्यांची एका गाडीपुरती झाली, मग पायवाट झाली, मग तिच्यातही कपाशी उभी राहिली. दगड कुणी नेले ते कळलं नाही. कापूस घेऊन निघालेल्या गाड्या मग कोसभर वळसा घालून जायच्या आणि गाडीवाले वाट बुजवणाऱ्यांना वाटभर शिव्या द्यायचे. वाट बुजवली होती त्यांनीच.

गावाचा कारभार तीन माणसांचा. माझे वडील पाटील. त्यांना लिहिता-वाचता येत नसे; कागदावर नांगराची निशाणी काढायचे आणि ती फार सुबक काढायचे. दुसरा पटवारी, पण तो तेजीत अकोल्याला एका आडत्याकडे कारकुनीला लागला होता आणि सणावारीच दिसायचा. तिसरा कोतवाल, महारवाड्यातला सत्तरीचा म्हातारा. गावाची हद्द दाखवणं हे त्याच्या घराण्याचं पिढीजात काम. मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होतो. अकोल्याला जुन्या शहरात एका नातेवाइकाकडे राहून शाळा पुरी केली होती. पटवारी नाही म्हणून वडिलांनी मला वर्षभर घरी ठेवून घेतलं आणि दप्तर माझ्या हाती आलं. मला इंग्लंडातल्या नद्या पाठ होत्या.

त्या हिवाळ्यात मोजणी आली. साहेबाचा तंबू चार गावं सोडून पडला होता. आमच्याकडे आला तो मोजणीचा कारकून. पुण्याकडचा, कृश, पागोटं नीट बांधलेला. त्याच्यासोबत साखळी धरणारे दोन आणि निशाणाच्या काठ्या घेतलेले दोन. तो येण्याच्या आदल्या दिवशी चावडीत गाव जमलं. जेवढी जमीन मोजली जाईल तेवढ्यावर शेतसारा बसेल, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. बराच वेळ बोलणं झालं आणि ठरलं ते असं, की गाव होईल तितकं लहान दाखवायचं. पांदण तर राहिलीच नव्हती, तेव्हा हद्द कुठे आहे हे आता सांगण्यावर होतं. वडिलांनी तसं सांगायचं कबूल केलं. खरी हद्द कोतवालाला ठाऊक होती आणि खोटं बोलणं त्याला जमलं नसतं, म्हणून त्याला सकाळीच एक चिठ्ठी देऊन तेल्हाऱ्याला पाठवलं. चिठ्ठी मी लिहिली होती. सगळे खुशाल असल्याचं त्यात होतं, आणि ती कुणाला द्यायची ते लिहायचं राहून गेलं होतं. म्हाताऱ्याने दिवसभर तेल्हाऱ्यात फिरून ती परत आणली.

मोजणीच्या वेळी वडील कारकुनाला घेऊन पूर्वेकडे निघाले. लोक मागून चालले होते. कडुनिंबाशी आल्यावर वडील थांबले, काठी टेकली आणि म्हणाले, की ही आमची हद्द. मागच्या लोकांनी माना हलवल्या. आमचं घर तिथून दिसत होतं. अंगणात आई तूर पाखडत होती. आज लिहिताना हे अशक्य वाटतं, पण त्या पन्नास-साठ माणसांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही, की पाटील स्वतःच्या घराच्या अलीकडेच थांबले आहेत. हद्द म्हणजे वावरांची, असं सगळ्यांच्या मनात होतं. घराला हद्द असते हे कुणी धरलंच नव्हतं.

माझ्या मात्र ध्यानात आलं. कारकून गुडघ्यावर फळी ठेवून नकाशा काढत होता आणि मी शेजारी उभा होतो. कडुनिंबावरून रेघ गेली आणि आमचं घर रेघेच्या बाहेर राहिलं, हे मला स्पष्ट दिसलं. त्याने मान वर करून मला विचारलं, "तुम्ही शिकलेले दिसता. हीच ना हद्द?"

मी हो म्हणालो. भीती होती, लाजही होती, आणि त्याने मला तुम्ही म्हटलं होतं, तेही होतं.

दुसऱ्या दिवशी कारकून पूर्वेच्या गावात गेला. तिथले पाटील आमचे इवाई, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. त्यांच्या चावडीतही तेच ठरलं होतं. त्यांनी पांदणीपासून बरंच आत, आपल्या बाजूच्या बाभळींच्या ओळीवर बोट ठेवलं. अशा रीतीने कडुनिंब आणि बाभळी यांच्यामध्ये जमिनीचा एक लांब पट्टा उरला, ज्याला दोन्ही गावांनी आपलं म्हटलं नव्हतं.

मृगाच्या सुमाराला तहसिलीतून कागद आला. वडील चावडीत लोडाला टेकून बसले होते, चार-पाच माणसं होती, कोतवाल पायरीखाली होता. मी कागद वाचला. दोन गावांमधली अमुक जमीन कोणत्याही गावाची नसल्यामुळे सरकारी पड ठरली आहे, आणि त्या पडीत एका इसमाने परवानगीवाचून घर बांधून विहीर अडवली आहे. जवळच्या गावच्या पाटलाने त्या इसमास पोळ्याच्या आत उठवावं आणि तसा रिपोट करावा. पाटलाने कसूर केल्यास दुसरा पाटील नेमण्याचा विचार होईल.

वडिलांना राग आला. त्यांच्या कारभारात असला प्रकार व्हावा हे त्यांना सहन झालं नाही. ते सरळ बसले.

"कोन हाये बे थो? इतके दिवस मले कोनी सांगतलं कावून नाही? जा, आजच्या आज उठवा त्याले."

कोणी हललं नाही. कोतवाल हातातल्या काठीकडे पाहत राहिला. मग तो म्हणाला, "पाटील, थो तुमीच हाये."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद पुन्हा वाचला, आणि या वेळी हळू वाचला. मधेच त्यांनी हात वर केला.

आता मला वाटतं, त्याच दिवशी तहसिलीत जाऊन खरं सांगून टाकायला हवं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे सगळ्या गावाने खोटी हद्द दाखवली हे सांगायचं आणि साऱ्याचा बोजा गावावर ओढवून घ्यायचा. गाव त्याला तयार नव्हतं. लोकांनी त्या पट्ट्यातल्या मोकळ्या जागी गुरं सोडायला सुरुवात केली होती. बिनसाऱ्याचं रान आयतं मिळालं होतं. चावडीत एकाने वडिलांना अगदी प्रेमाने सुचवलं, की पाटील, तुमी घरच उचला, आमी सारे हात लावतो, दोन दिवसांचं काम. दुसऱ्याने विटा जपून काढायची हमी घेतली.

आईला हे कळलं तेव्हा ती चुलीपुढे होती. ती म्हणाली, "गाव सोडीन, हे पानी सोडनार नाई."

घर मोडायचं नव्हतं आणि पाटीलकी आमच्या घराण्यात किती पिढ्यांची होती ते कुणी मोजलेलं नव्हतं. वडिलांनी मग जे केलं ते लबाडीने केलं असं मी म्हणणार नाही. ते हुकुमाप्रमाणे वागले. त्यांनी चावडीत बसून पाटील म्हणून हुकूम दिला, की पडीतल्या इसमाला नोटीस बजावावी. कोतवाल नोटीस घेऊन आमच्या घरी गेला. आईने सांगितलं, घरी नाहीत, चावडीत गेले. कोतवाल परत आला आणि पाटलांना म्हणाला, की इसम घरी नाही. वडिलांनी मला लिहायला सांगितलं: सदर इसम घरी आढळला नाही. खाली नांगर काढला.

दुसऱ्यांदा कोतवाल जेवणाच्या वेळी आला. वडील पाटावर होते. त्यांनी घास हातात ठेवूनच विचारलं, की ही नोटीस बजावायला कोणी सांगितलं. कोतवाल म्हणाला, पाटलांनी. वडील म्हणाले, मग पाटलांना जाऊन विचारून ये, की इसम जेवत असता नोटीस बजावावी का. म्हातारा खरोखर चावडीत जाऊन आला. चावडी रिकामी होती. त्याने ओसरीखाली उभं राहून सांगितलं, की पाटील चावडीत नाहीत. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं की नाही हे मला कधीच कळलं नाही. रिपोट गेला: पाटील व इसम एके वेळी एके ठिकाणी मिळत नाहीत, तजवीज चालू आहे.

असे पाच रिपोट मी लिहिले. तहसिलीतून उत्तर आलं, त्यात पाटलाच्या तत्परतेबद्दल समाधान व्यक्त केलं होतं आणि मुदत पोळ्यापर्यंतच आहे याची आठवण दिली होती. समाधानाचं वाक्य वडिलांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मुदतीचं एकदाच.

श्रावणात इवाई आले. पाय धुऊन, ओसरीवर बसून, गोड पाण्याचा तांब्या रिकामा करून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"इवाई, बिनगावचे झाले म्हनते तुमी. आता लेकीची पाठवनी तरी कोन्या गावाहून करता?"

वडील म्हणाले, की पट्टा दोघांच्या लबाडीने सुटला आहे, हसायचं तर दोघांनी हसावं. इवाई म्हणाले, की म्हणूनच आलो. मीच अर्ज करून तो सगळा पट्टा आमच्या गावात घेतो, घर राहील, विहीर राहील.

"आन् मी?" वडिलांनी विचारलं.

"तुमी आमच्या गावची रयत. साऱ्याचं पाहू. आमच्या पोळ्यात तुमचे बैल बारा-तेरावे लावून देऊ, आपल्या मानसाले का कमी करतो?"

आजवर पोळ्यात पहिला मान वडिलांच्या जोडीचा होता. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली. इवाई गेल्यावरही ते बराच वेळ अडकित्ता उघडा धरून बसले होते. मग मला म्हणाले, कागद काढ.

त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: मी हद्द खोटी दाखवली. खरी हद्द डोक्यावर माती घेऊन चालून दाखवतो. आमच्याकडे हद्दीचा वाद पडला की हा शेवटचा उपाय असतो. हद्दीची माती डोक्यावर घेऊन चालायचं. खोटं चालणाऱ्याच्या घराचं बरं होत नाही असं लोक मानतात. दोन्ही पाटलांना चालावं लागतं. अर्ज लिहून होईपर्यंत मी धीर करत होतो. शेवटी सांगितलं, की कारकुनाने मला विचारलं तेव्हा घर रेघेबाहेर गेलेलं मी पाहिलं होतं आणि तरी हो म्हणालो होतो.

वडील म्हणाले, "मी लबाडी केली, थे लबाडी समजून केली. तू कावून केली?"

मी लेखणी बुडवून त्यांच्यापुढे धरली. त्या प्रश्नाचं उत्तर अजूनही नीट देता येईल असं वाटत नाही. त्यांनी नांगर काढला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

पोळ्याच्या सहा दिवस आधी कारकून पुन्हा आला. चिखलात त्याला धोतराचं भान राहिलं नव्हतं. हे आधीच का सांगितलं नाही, असं त्याने विचारलं. वडील म्हणाले, की तवा तुमी हद्द इचारली होती, खरी हाये का थे नाही इचारलं. कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी चिखलाकडे पाहिलं.

दोन्ही पाटलांनी आंघोळ करून ओल्या अंगाने डोक्यावर मातीच्या टोपल्या घेतल्या. पुढे कोतवाल. मागे दोन्ही गावं, बाया-माणसांसकट. कपाशी मांडीएवढी झाली होती. थोडं अंतर जातात न जातात तोच इवाई म्हणाले, की कोतवाल फार पूर्वेला चालतो आहे. वडील म्हणाले, पश्चिमेला चालतो आहे. माती सांडली तर चाल खोटी ठरते, म्हणून दोघांनाही मान हलवायची सोय नव्हती. दोघे नाकासमोर बघत, ताठ मानेने, ओठ जेमतेम हलवत भांडत होते. नाही म्हणायला मान हलवता येत नाही म्हणून इवाई हाताचं बोट हलवायचे, आणि वडिलांना ते बोट पाहायला मान वळवता येत नव्हती. तेव्हा इवाई कशाकशाला नाही म्हणाले ते मी वडिलांना बाजूने सांगत गेलो. कारकून सगळं लिहून घेत होता. त्याला वाटलं असावं, की हाही विधीचाच भाग आहे.

इवायांच्या कपाशीत चांगलं आत गेल्यावर कोतवाल थांबला. त्याने पाय टेकून दाखवला आणि म्हणाला, अठी खना. इवायांनी हरकत घेतली, म्हणजे बोट हलवलं. दोन माणसांनी कुदळ घेतली. कमरेएवढं खणल्यावर काळ्या मातीत कोळसा निघाला, ओंजळभर. हद्दीचा दगड रोवताना खाली कोळसा पुरायची रीत आहे, कारण दगड लोक नेतात आणि कोळसा कुजत नाही. कोतवालाच्या आजाने की पणजाने तो पुरला होता. पुढच्या दोन जागीही निघाला.

म्हणजे आमचं घर गावात होतंच. शिवाय इवाई ज्या जमिनीत दहा वर्षं कपाशी पेरत होते त्यातलीही एक पट्टी आमच्या गावाची निघाली. ते ऐकून आमचे लोक खाली बसले. एका म्हातारीने तोंडाला पदर लावला. "जमीन वाढली वं माय," ती शेजारणीला म्हणाली. दुसऱ्या बाजूला इवायांचे लोक एकमेकांना गूळ वाटत होते, कारण त्यांची जमीन तेवढी कमी झाली होती. इवाई टोपली उतरवून मान मोकळी करत वडिलांना म्हणाले, तुमी जिंकले, इवाई.

परतताना सगळे आमच्या अंगणात पाणी प्यायला थांबले. आईने कोतवालाला वरून पाणी ओतलं आणि तो ओंजळीने प्यायला, नेहमीप्रमाणे. ती विहीर कोणत्या गावाची हे त्या दिवशी त्यानेच दाखवलं होतं. मला ते तेव्हा खटकलं की आता लिहिताना खटकतं आहे, हे सांगता येत नाही. रिपोटात ते लिहायला जागा नव्हती.

रिपोट मात्र पाठवावा लागला, कारण पडीतला इसम उठवल्याचं कळवायचं राहिलंच होतं. कारकुनाने नकाशा बदलला तरी तहसिलीतली नोटीस चालूच होती. मी लिहिलं: सदर इसम आता सरकारी पडीत राहत नाही. तो गावात राहतो. पाटलांनी स्वतः लक्ष घालून ही व्यवस्था केली. वडिलांनी खाली नांगर काढला आणि पोळ्याच्या आदल्याच दिवशी पाटीलकी कायम असल्याचा कागद आला.

पोळ्याला पाटलाची जोडी तोरणाखाली पहिली उभी राहते. त्या दुपारी वडिलांनी बैल धुतले, शिंगांना रंग दिला, झुली घातल्या आणि जोडी तोरणाखाली नेऊन उभी केली. मागे कुणी आलं नाही. कुणी ठरवलं होतं असं नाही. जो तो घरी बैलाची शिंगं रंगवतच बसला होता. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली वडील आणि दोन बैल, आणि समोर रिकामी, झाडून सडा घातलेली जागा. मी जवळ जाऊन उभा राहिलो तर त्यांनी मला खुणेनेच बाजूला केलं. बैलांनी दोनदा बसायचा प्रयत्न केला. वडील बसले नाहीत.

ऊन उतरायला लागलं तेव्हा एक माणूस आपली जोडी घेऊन आला. घर उचलायला दोन दिवस पुरतील असं म्हणाला होता, तोच. तो थोडा लांब थांबला.

"पाटील, सारा वाढनार का?"

"वाढनार," वडील म्हणाले.

तो बैलांच्या कासऱ्याशी चाळा करत राहिला. मग त्याने विचारलं, "मंग जोडी कोठी लावू?"

"माह्या मांगं."

त्याने लावली. तासाभरात मागे ओळ पांदणीसारखी लांब झाली, आणि ओळीतला प्रत्येक माणूस शेजाऱ्याशी साऱ्याबद्दलच बोलत होता.